मोबाईलवरील जाहिरातीचा सौदा आणि सभासदांचा पैसा



आपल्या कारखान्याने एक किलो व पाच किलोच्या पिशव्यांत साखर भरून ती स्वतःच्या नावाने विकावी आणि त्या नावाची मोबाईलवर चित्रफितीच्या रूपाने जाहिरात करावी, असा विचार संचालक मंडळापुढे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयावर बोलणे होईलच. परंतु गावोगावच्या पारावर आणि काट्यापुढे नंबर लावून उभ्या असलेल्या गाड्यांपाशी जी चर्चा चालली आहे, ती ऐकता 'जाहिरात करावी की करू नये' एवढ्यावरच सगळा वाद अडकलेला दिसतो. आमच्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जाहिरात करायची ठरलीच, तर ती कोणत्या हिशेबाने विकत घ्यायची? दाखवण्याच्या संख्येवर, पाहण्याच्या संख्येवर, की पडद्यावर बोट दाबण्याच्या संख्येवर? पैसा जातो तो या ठिकाणी आणि वाचतो तोही याच ठिकाणी. म्हणून या विषयावर आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत.

नाव हवे कशाला?

"साखर ती साखर. तिला कसलं आलंय नाव?" असे अनेक जुने सभासद म्हणतात, आणि त्यांचे अगदीच खोटे नाही. आज आपली एस-३० साखर निविदेत जाते. व्यापारी बंद पाकिटात भाव भरतो, पन्नास किलोची पोती ट्रकवर चढतात आणि कारखान्याचे नाव पोत्यावरच राहते. शहरातल्या बाईने चहात घातलेली साखर कोणत्या शिवारातली, हे तिला ठाऊक नसते. तिला त्याची पडलेलीही नसते. निविदेत आपली एस-३० आणि शेजारच्या कारखान्याची एस-३० सारखीच.

इकडे खर्चाची बाजू मात्र बांधलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. साखर विकायची घाई आपल्याला असते, व्यापाऱ्याला नसते. ज्या मालाला नाव नाही त्या मालाचा मालक नेहमी घाईत असतो, हे आपण वर्षानुवर्षे पाहतोच आहोत.

सहकारात नाव उभे राहू शकते याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्याच्या दूध संघाची स्थापना १९४६ सालची. अमूलच्या लोण्याची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ साली आली आणि गुजरातच्या दूध संघांचा महासंघ १९७३ साली झाला. दूध आपल्याही गोठ्यात होतेच. पण तिथल्या शेतकऱ्यांनी एक नाव धरले आणि ते दशकानुदशके सोडले नाही. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, ही म्हण उगाच पडलेली नाही.

तेव्हा नाव करावे, या बाजूचे आम्ही आहोत. मात्र नाव करण्यासाठी दिलेला पैसा नाव होण्यासाठीच लागला पाहिजे, ही आमची अट आहे.

सौदा कसा होतो?

वर्तमानपत्रातली जाहिरात आपल्याला समजते. इतके सेंटिमीटर, इतका दर, पावती घ्या. मोबाईलवरच्या चित्रफितीच्या जाहिरातीला असा छापील दर नाही. तिथे प्रत्येक वेळी लिलाव होतो. तुमच्या मुलाने मोबाईलवर भजन लावले वा क्रिकेट लावले, की ते सुरू होण्याआधीच्या क्षणभरात आत यंत्रामध्ये बोली लागते. साबणवाला, मोटारवाला, बँकवाला आणि उद्या आपण, सगळ्यांच्या बोली यंत्राकडे आधीच लिहून ठेवलेल्या असतात. यंत्र नुसती बोली पाहत नाही. हा माणूस ही जाहिरात पाहील की टाळील, याचाही अंदाज बांधते. दोन्ही मिळून ज्याचे पारडे जड, त्याची जाहिरात लागते.

सौद्याच्या दोन तऱ्हा आपल्या परिचयाच्या आहेत. साखरेच्या निविदेत व्यापारी जो भाव लिहितो तोच त्याला द्यावा लागतो. गुळाच्या उघड सौद्यात मात्र शेवटचा बोलणारा दुसऱ्यापेक्षा किंचित वर जाऊन थांबतो. मनात त्याने कितीही मोठा आकडा धरलेला असो, त्याला दुसऱ्याच्या बोलीच्या आसपासच पैसे पडतात. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली याच गोष्टीची मांडणी केली. बोली बंद पाकिटातली असली तरी जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे असा नियम केला, तर कोणालाही डावपेच न करता खरी किंमत लिहिता येते, असे त्याने दाखवले. १९९६ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या बाजाराने आरंभी हीच तऱ्हा बऱ्याच अंशी उचलली होती. पुढे २०१९ पासून त्यातल्या काही मोठ्या बाजारांत 'जितकी बोली तितके पैसे' हा निविदेचा नियम आला. म्हणून "मोठी बोली टाका, पैसे दुसऱ्याच्याच भावाने पडतील" असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला आधी विचारावे की बाबा, कोणत्या बाजारात आणि कोणत्या नियमाने?

बोलीच्या तीन रीती

पहिली रीत हजारी दराची. जाहिरात हजार वेळा दाखवली की इतके रुपये. आपण सरासरी दराचे लक्ष्य द्यायचे आणि यंत्राने त्याच्या आसपास राहून जास्तीत जास्त ठिकाणी दाखवायचे. एखादी वेळ महाग पडते, एखादी स्वस्त. सरासरी सांभाळली जाते.

दुसरी रीत पाहणीच्या दराची. यूट्यूबने २०१० साली अशी सोय केली की, पाच सेकंदांनंतर माणसाला जाहिरात टाळता यावी आणि जाहिरातदाराने पैसे तेव्हाच द्यावेत, जेव्हा ती तीस सेकंद पाहिली जाईल, अथवा त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली जाईल, किंवा माणूस तिच्यावर बोट दाबील.

तिसरी रीत कृतीच्या दराची. कोणी बोट दाबून आपल्या पानावर आला, नाव-पत्ता भरला, माल मागवला, की पैसे. जाहिरात संस्थांचे प्रतिनिधी याच रीतीचे गोडवे सर्वांत जास्त गातात, कारण तिचा तक्ता सुबक निघतो.

ऐकायला तिसरी रीत सर्वांत शहाणपणाची वाटते. माल विकला तरच पैसे, मग आणखी काय पाहिजे? पण साखर विकत कशी घेतात ते आठवा. कोणी मोबाईलवर जाहिरात पाहून लगेच बोट दाबून किलोभर साखर मागवीत नाही. महिन्याची यादी करताना, किंवा वाण्याच्या दुकानात उभे राहिल्यावर, दोन पिशव्या समोर असताना हात एका पिशवीकडे जातो. तो हात कोणत्या पिशवीकडे जावा, एवढ्यासाठीच आपली जाहिरात. यंत्राला तुम्ही 'बोट दाबणारे शोध' म्हणून सांगितले तर ते इमानाने बोट दाबणारेच शोधील. त्यांत नुसते चाळा म्हणून दाबणारे येतील, चुकून अंगठा लागलेले येतील. साखर विकत घेणारी माऊली मात्र त्यात बहुधा येणार नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. चिटबॉयला तुम्ही नुसती टनांची मोजणी सांगितली तर तो वाळकी मोळीही मोजून देईल.

'पाहिले' म्हणजे किती पाहिले?

दुसऱ्या रीतीकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. 'पाहिले' या शब्दाचा अर्थ ठिकठिकाणी निराळा आहे. यूट्यूबच्या टाळता येणाऱ्या जाहिरातीत तीस सेकंदांचा नियम, हे वर आलेच. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या 'थ्रूप्ले'त पंधरा सेकंद किंवा पूर्ण फीत. अमेरिकेतील माध्यम मोजणी मंडळाच्या नियमाप्रमाणे चित्रफितीचा निम्मा भाग सलग दोन सेकंद पडद्यावर असला की ती 'दिसण्याजोगी' झाली. यूट्यूबच्या छोट्या फिती, ज्यांना शॉर्ट्स म्हणतात, त्यांची मोजणी २०२५ च्या मार्चअखेर बदलली आणि नुसती सुरू झाली तरी एक नग धरला जाऊ लागला.

म्हणजे एकाच्या काट्यावर टन हजार किलोंचा आणि दुसऱ्याच्या काट्यावर सहाशे किलोंचा, असा हा प्रकार. अशा वेळी "आम्ही तुम्हांला चाळीस लाख व्ह्यूज देऊ" या वाक्याचा अर्थ, काटा पाहिल्याशिवाय, काहीच होत नाही. आपण शेतकरी माणसे. काट्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायला नको.

काटा मोठ्यांचाही चुकतो. फेसबुकने २०१६ च्या सप्टेंबरात मान्य केले की चित्रफीत सरासरी किती वेळ पाहिली जाते याचा आकडा त्यांनी दोन वर्षे फुगवून दाखवला होता, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून गेलेल्यांना त्या सरासरीतून वगळले होते. २०१७ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपनीने एप्रिल ते जून या तिमाहीत इंटरनेटवरच्या जाहिरातींतले दहा कोटी डॉलरहून अधिक कापले आणि विक्रीच्या वाढीवर त्याचा परिणाम झाला नाही असे सांगितले. ज्यांच्याकडे हिशेबनिसांची फौज आहे त्यांचे हे झाले. आपला तर एकच लेखा विभाग, तोही हंगामात बिलांखाली दबलेला.

आमचे मत

आमचे स्पष्ट मत असे की, नाव लोकांच्या कानी-डोळी पडावे हा हेतू असेल तर मुख्य पैसा पहिल्या रीतीवर, म्हणजे हजारी दरावर लावावा. सोबत एक माणूस आठवड्यात जास्तीत जास्त तीन वेळा, अशी मर्यादा घालावी. फीत सहा सेकंदांची असावी. अशी सहा सेकंदांची फीत यूट्यूबवर टाळता येत नाही आणि ती हजारी दरानेच घ्यावी लागते. सहा सेकंदांत सांगायचे तरी काय, असे कोणी विचारील. पिशवी दाखवा, नाव उच्चारा, "शेतकऱ्यांच्या कारखान्याची साखर" एवढे म्हणा. बास झाले. नाव पहिल्या दोन सेकंदांतच यावे. शेवटी ठेवले तर निम्म्या लोकांच्या कानांवर ते पडणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जाणकार सभासद म्हणतील, "पाहणीच्या दरात, टाळून गेला त्याचे पैसे पडत नाहीत. म्हणजे त्याने पाच सेकंद आपले नाव फुकटात पाहिले. मग हजारी दराने सगळ्यांचे पैसे का मोजायचे?"

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण यंत्राची बाजू पाहा. पाहणीच्या दरात यंत्राला पैसे कधी मिळतात? कोणी पूर्ण पाहिले तर. मग ते आपली जाहिरात टाळणाऱ्यांपुढे कशाला नेईल? ते शोधील फीत सहसा न टाळणारे लोक. त्यांत मन लावून पाहणारे असतील, तसे ताटावर बसताना फोन चालू ठेवून विसरलेलेही असतील आणि आईचा फोन घेऊन बसलेले पोरही असेल. धावपळीत असलेली, पण घरची साखर ठरवणारी बाई मागे पडेल. फुकटची पाच सेकंदे मिळतात खरी. पण ती कोणाला दाखवली जावीत हे आपल्या हातात राहत नाही. शिवाय फीत कंटाळवाणी निघाली तर सौद्यात आपले पारडे हलके होते, आणि तेवढ्याच ठिकाणी पोचायला बोली वाढवावी लागते.

तरीही दुसरी रीत आम्ही अजिबात टाकून देत नाही. तिचे काम वेगळे. अर्ध्या-पाऊण मिनिटाची एक फीत करावी. तीत ऊसतोड, गव्हाण, साखरेची पिशवी आणि ती पिशवी ज्यांच्या मालकीची आहे ते सभासद दाखवावेत. ज्याला ऐकायची इच्छा आहे त्याला ती ऐकवावी आणि तिथे पाहणीच्या दराने पैसे द्यावेत. ऐकून घेणाऱ्याचे पैसे मोजणे योग्यच.

आमची वाटणी अशी : शंभर रुपयांतले सत्तर हजारी दरावर, वीस पाहणीच्या दरावर आणि दहा परिणाम तपासण्यावर. कृतीच्या दरावर सध्या शून्य. उद्या आपण घरपोच विक्री सुरू केली तर त्या वेळी तिसऱ्या रीतीचा विचार करू.

हिशेब मांडून पाहू

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. दर बाजारात बदलतात. समजा सभेने दहा लाख रुपये मंजूर केले. कारखान्याचे गाळप पाच लाख टन धरले तर हे टनामागे दोन रुपये होतात. यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा. वाटणीप्रमाणे सात लाख हजारी दरावर गेले. हजाराला शंभर रुपये पडले असे धरू. म्हणजे जाहिरात सत्तर लाख वेळा दिसेल.

आकडा ऐकून छाती फुगते. पण हीच जाहिरात दहा आठवडे चालवून चौदा लाख लोकांवर पसरली, तर प्रत्येकाला ती पाच वेळा दिसेल. म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा. कोणाच्या काय लक्षात राहणार? तेच दोन लाख ऐंशी हजार लोकांवर आखडून घेतले तर प्रत्येकाला पंचवीस वेळा, आठवड्याला सरासरी अडीच वेळा. हर्बर्ट क्रुगमन या अमेरिकन संशोधकाने १९७२ सालीच लिहून ठेवले आहे की पहिल्यांदा पाहताना माणूस 'हे काय?' असे विचारतो, दुसऱ्यांदा 'माझा याच्याशी काय संबंध?' असे विचारतो आणि तिसऱ्यांदापासून पुढची प्रत्येक वेळ ही आठवण असते. पंधरा दिवसांतून एकदा दिसणारी जाहिरात पहिल्या प्रश्नाच्या पुढे जातच नाही.

थोड्या पाण्यात सगळे शिवार भिजवायला गेलो तर एकही वाफा धड भिजत नाही. तेव्हा दोन-तीन तालुकेच निवडावेत, आणि तेही असे की जिथल्या दुकानांत आपली पिशवी खरोखर फळीवर आहे. जाहिरात पाहून गिऱ्हाईक दुकानात गेले आणि वाण्याने "ती नाही, ही घ्या" म्हटले, तर आपण आपल्या पैशाने दुसऱ्याचा माल खपवला असे होईल. आधी पिशवी फळीवर, मग जाहिरात पडद्यावर.

आता वसुली किती हवी? समजा पोत्यातल्या साखरेपेक्षा पिशवीतल्या साखरेत, भरण्याचा व वाण्याच्या कमिशनचा खर्च जाऊन, किलोमागे दोन रुपये जास्त सुटतात. दहा लाख वसूल व्हायला पाच लाख किलो, म्हणजे पाच हजार क्विंटल पिशवीतली साखर जाहिरातीमुळे जास्त खपली पाहिजे. हे एका हंगामात होईलच असे आम्ही म्हणत नाही. नावाची लागण ही आडसाली उसासारखी आहे. मेथीसारखी महिन्याभरात काढायला येत नाही. पण किती टनांचे उद्दिष्ट आहे, हे लागणीच्या दिवशीच लिहून ठेवलेले बरे.

बोली लावताना सांभाळायच्या गोष्टी

एक, बोली फार खाली धरू नये. स्वस्तात मिळावे म्हणून हजाराचा दर अगदी कमी लिहिला तर सौद्यात आपण उभेच राहत नाही. पैसे वाचल्याचे समाधान मिळते आणि जाहिरात कोणाला दिसत नाही.

दोन, रोज ढवळाढवळ करू नये. यंत्राला शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोज सकाळी बोली वर-खाली करणे म्हणजे रोज रोप उपटून मुळे किती वाढली ते पाहणे.

तीन, रोजच्या खर्चाची मर्यादा ठरवली तरी गुगलच्या पद्धतीत एखाद्या दिवशी तिच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची बेरीज मात्र सांभाळली जाते. हे लेखा विभागाला आधी माहीत असावे, म्हणजे ऐन वेळी "हे काय गौडबंगाल?" असे व्हायला नको.

चार, वेळ निवडावी. दिवाळीत साखर खपते म्हणून दिवाळीतच जाहिरात करावी असे वाटते. पण त्याच दिवसांत सोनेवाले, गाडीवाले, कपडेवाले सगळेच सौद्यात उतरतात आणि दर चढतात. क्रिकेटच्या मोठ्या स्पर्धांत आणि निवडणुकांतही तसेच होते. श्रावणापासून सुरुवात करून दिवाळीच्या आधी नाव तोंडी बसवावे. कापणीच्या दिवशी पेरायला निघू नये.

पाच, ठिकाणाचे बटण नीट पाहावे. गुगलच्या पद्धतीत 'या तालुक्यात राहणारे' आणि 'या तालुक्यात रस असलेले' असे दोन प्रकार आहेत आणि न सांगता दोन्ही धरले जातात. आपल्याला फक्त पहिला हवा. लहान मुलांच्या फिती वगळाव्यात. यूट्यूबच्या बाहेरच्या भागीदार संकेतस्थळांवर जाहिरात दाखवण्याची सोयही सुरुवातीला बंद ठेवावी. २०२३ च्या जूनमध्ये ॲडॅलिटिक्स या संस्थेने अशा बाहेरच्या ठिकाणी अनेक जाहिराती कोपऱ्यात, आवाज बंद करून चालल्याचा अहवाल दिला होता. गुगलने तो नाकारला. खरे-खोटे त्यांचे त्यांनी पाहावे; आपल्याला तेवढी जोखीम घ्यायचे कारण नाही.

परिणाम कसा तपासायचा?

जाहिरात संस्थेचा तक्ता हा परिणाम नव्हे. टन मोजला म्हणजे उतारा कळत नाही, तसेच हे आहे. किती वेळा दिसली हा टन. किती जणांच्या लक्षात राहिली हा उतारा.

यासाठी आपल्याला ठाऊक असलेलीच पद्धत वापरावी. नवे खत आले की आपण एका वाफ्यात टाकतो, एक वाफा कोरा ठेवतो. तशाच दोन सारख्या बाजारपेठा घ्याव्यात. दोन्हीकडे पिशवी सारखीच पोचवावी. जाहिरात मात्र एकीकडेच लावावी. सुरुवातीला आणि दहा आठवड्यांनी दोन्ही ठिकाणी किराणा दुकानातून बाहेर पडणाऱ्यांना एवढेच विचारावे, "साखरेच्या कोणकोणत्या पिशव्यांची नावे आठवतात?" आपले नाव आपण सुचवायचे नाही. चारशे जणांना विचारले तरी निष्कर्षात सुमारे पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर हुरळून जाऊ नये आणि खचूही नये. सोबत दोन्हीकडच्या दुकानांची मागणी महिन्यागणिक लिहावी.

कोरा वाफा ठेवण्याचे महत्त्व मोठ्यांनीही उशिरा ओळखले. ईबे या अमेरिकन कंपनीत अर्थशास्त्रज्ञांनी काही भागांत शोधयंत्रावरच्या जाहिराती मुद्दाम बंद करून पाहिल्या. कंपनीच्या नावाने शोधणाऱ्यांपुढच्या जाहिराती बंद केल्या तरी गिऱ्हाईक जवळपास तेवढेच आले. जे येणार होते ते आलेच. २०१५ साली हे संशोधन छापून आले. तो प्रकार चित्रफितीचा नव्हता, पण धडा तोच. कोरा वाफा नसेल तर पीक खताने आले की पावसाने, हे कधीच कळत नाही.

सभेपुढे आमची मागणी

सभेत हा विषय मंजूर व्हावा असे आम्हांस वाटते. मात्र पुढील अटी ठरावात लिहून घ्याव्यात. जाहिरातीचे खाते कारखान्याच्या नावाने उघडावे; संस्था बदलली तरी खाते आणि त्यातली माहिती आपल्याकडे राहावी. संस्थेचा मेहनताना ठरावीक रकमेचा असावा. खर्चाच्या टक्क्यांवर ठेवला तर खर्च वाढवण्यातच तिचे हित राहील. 'पाहिले' याचा अर्थ किती सेकंद, हे करारात अक्षरी लिहावे. आणि दर तिमाहीला या वार्तापत्रात एक छोटा तक्ता छापावा : किती खर्च झाला, किती वेगळ्या माणसांपर्यंत पोचलो, आठवड्याला सरासरी किती वेळा, कोऱ्या वाफ्याच्या मानाने किती जणांना नाव आठवले आणि किती क्विंटल पिशवी खपली.

हे तक्ते दोन हंगाम छापून आल्यावर नाव उभे राहत नाही असे दिसले, तर जाहिरात थांबवावी आणि ते पैसे उसाच्या भावात घालावेत, असे म्हणणाऱ्यांत आम्ही पहिले असू. पण कोणाच्या तरी लाख-कोटींच्या आकड्यांना भुलून बोट दाबणाऱ्यांच्या मागे पैसा उधळणे, किंवा घाबरून काहीच न करता पुढची वीस वर्षे निविदेच्या पाकिटाकडे डोळे लावून बसणे, या दोन्ही गोष्टी आपल्याला परवडणाऱ्या नाहीत. टनामागे दोन रुपये म्हणजे थोडे वाटतात. पण ते प्रत्येक सभासदाच्या बिलातून जाणार आहेत. म्हणून सभेला येताना 'जाहिरात हवी की नको' एवढेच मनात धरून येऊ नका. बोली कशावर लावणार, काटा कोणाचा आणि कोरा वाफा कुठे, हे तीन प्रश्न संचालक मंडळाला विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.